टर्बिनाफिनची एमआयसी दर वेळी वेगळी येते : मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यातील एका खासगी प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही नायटा पुन्हा उमटणारे रुग्ण वाढल्याने घोडबंदर रस्त्याकडील काही त्वचारोगतज्ज्ञ आता टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला बुरशीची संवेदनशीलता, म्हणजेच तिची एमआयसी (वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण), तपासून मागतात. आलेल्या बुरशी बहुतेक ट्रायकोफायटन मेंटॅग्रोफायटिस गटातल्या असतात. त्यांतील इंडोटिनी (टर्बिनाफिनला अनेकदा न जुमानणारी जवळची प्रजाती) कोणती, हे नुसत्या वाढीवरून ओळखता येत नाही.

पद्धत सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या एम-३८ दस्तऐवजाप्रमाणे आहे : आरपीएमआय १६४० माध्यम, पीएच ७, मिलिलिटरमागे १,००० ते ३,००० बीजाणू, ३५ अंश सेल्सिअसला चार दिवस, आणि औषधाविना वाढलेल्या वेलच्या (प्लेटमधील खळग्याच्या) तुलनेत ८० टक्के वाढ थांबली की ती एमआयसी. एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक कोणीही मान्य करील. मात्र एकाच बुरशीची एमआयसी एकदा मिलिलिटरमागे ०.०३ आणि पुढच्या वेळी ०.५ मायक्रोग्रॅम येते, आणि नेमक्या याच पट्ट्यात उपचाराचा निर्णय फिरतो.

माझा पहिला संशय बीजाणूंच्या द्रावणावर आहे. जड तुकडे खाली बसू दिल्यावरही सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचे तुकडे दिसतात, आणि प्लेटमध्ये एखाद्या वेलच्या कडेला कापसासारखा झुबका धरून बाकीचा तळ स्वच्छ राहतो. अशा वेलला ८० टक्के म्हणायचे की नाही, यावर माझे आणि सहकारिणीचे वाचनही जुळत नाही. युकास्ट या युरोपीय समितीच्या पद्धतीत अशा वेळी ११ मायक्रॉनच्या गाळणीतून द्रावण गाळतात. ट्रायकोफायटनसाठी हे कोणी नियमित करते का, आणि गाळल्यावर हिमोसायटोमीटरने पुन्हा मोजता का?

दुसरा संशय इन्क्युबेटरच्या पंख्यावर आहे. बाहेर पावसाळी दमट हवा असली तरी चौथ्या दिवशी कडेच्या वेलमधली पातळी उतरलेली असते, म्हणजे तिथे औषध तीव्र होत असणार. ओल्या कापसाचा डबा ठेवला, तर याच दिवसांत परक्या बुरशीचा शिरकाव होतो. युकास्ट त्यासाठी माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल (जीवाणू रोखण्यासाठी) आणि सायक्लोहेक्झिमाइड (परकी बुरशी रोखण्यासाठी) घालते, पण तिथे तापमान, दिवस आणि बीजाणूंची संख्या सगळेच वेगळे असल्याने अर्धी पद्धत इकडची, अर्धी तिकडची करणे मला पटत नाही.

नियंत्रणासाठी, म्हणजे चाचणी बरोबर चालली का हे पाहण्यासाठी, आमच्याकडे कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस ही यीस्ट आहे. ती अझोल औषधांना ठीक, टर्बिनाफिनला तिचा आधार नाही. ट्रायकोफायटनचा प्रमाणित संवर्ध आपण कुठून मागवता? शिवाय, सीएलएसआयने या बुरशींसाठी संवेदनशील-प्रतिरोधक अशी सीमारेषा दिलेली नसताना, डॉक्टरांना मात्र ‘गोळी चालेल का’ एवढेच हवे असते. अशा अहवालात आपण नेमके काय लिहिता?

प्लेटची छायाचित्रे आणि मोजणीच्या नोंदी कोणी मागितल्यास येथेच टाकते.