शब्दचर्चा : बचावात्मक फुटबॉलला ‘रडीचा खेळ’ म्हणावं का?

खाडीपलीकडचा

सावंतवाडीत आमचा इंग्लिश फुटबॉल बघणाऱ्यांचा एक कंपू आहे. तळातल्या टीमची मॅच लागली की वाद ठरलेला. अर्धे म्हणतात, वरच्या लीगमध्ये राहिलं म्हणजे झालं, खेळ कसाही असो. अर्धे म्हणतात, असलं बघत बसण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये गेलेलं परवडलं. वादाला माझी ना नाही. मला खटकतो तो त्यातला एक शब्द. दहाच्या दहा जण गोलसमोर उभे करून ०-० काढणाऱ्या टीमला सरसकट ‘रडीचा खेळ’ म्हटलं जातं, आणि हल्ली मराठी कॉमेंट्रीतही तेच कानावर येतं.

रडीचा डाव म्हणजे काय हे लहानपणी लगोरी खेळलेल्या कुणालाही सांगायला नको. चेंडू पाठीत बसलाय, सगळ्यांनी बघितलंय, तरी ‘मी टाइम प्लीज घेतला होता’ म्हणून अडून बसायचं, ती रडी. नियमात राहून बचाव करणं ही रडी कशी? आणि ही नाही, तर मग या खेळाला म्हणायचं काय?

शब्दकिडा

रडीबद्दल सहमत. ‘रडीचा डाव खडी’ यात रडीला शिक्षा आहे, म्हणजे तिथे अपराध गृहीत धरलाय. बचाव हा अपराध नव्हे. गोंधळ मला वाटतं ‘रडतखडत’मुळे होतो. टीम रडतखडत सतराव्या नंबरावर आली, हे वाक्य बिनचूक आहे. त्यातलं ‘रडत’ उचलून लोकांनी त्याची रडी केली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मराठीत एक सोडून चार क्रियापदं आहेत आणि आपण ती एकमेकांच्या जागी वापरतो. तगणं, टिकणं, तरणं, वाचणं. नवी कलमं लावली की पावसाळ्यानंतर विचारतात, ‘किती तगली?’ तिथे कुणी मोहोराची चौकशी करत नाही. परिस्थिती उलटी असताना जीव धरून राहणं, ते तगणं. टिकण्यात काळ येतो. लोणचं टिकतं, रंग टिकतो. तरण्यात बुडण्याची भीती आधीपासून असते. वाचण्यात बरेचदा हात दुसऱ्याचा असतो. आता फुटबॉलवाल्यांनी उदाहरणं द्यावीत, मला लीगमधलं ओ की ठो कळत नाही.

उजवी बगल

घ्या उदाहरणं. प्रीमियर लीगमध्ये २० टीम, ३८ मॅच, शेवटचे तीन खाली. २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉम नाताळला तळाशी होती. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली मॅच जिंकली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं, बाकीचे निकालही हवे तसेच लागावे लागले. अवघ्या ३४ गुणांवर राहिले. हे ‘वाचणं’. उलट वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण मिळवूनही गेली. ४० गुण झाले की सुटलो, असं आपल्याकडेही छातीठोक सांगतात, त्यांनी हा मोसम आठवावा.

‘तगणं’ म्हणजे कोच टोनी पुलिसची स्टोक सिटी. २००८ साली वर आले, पहिल्या मोसमात ३८ मॅचमध्ये गोल केले ३८ आणि बारावे आले. रोरी डेलापचे ते थ्रो-इन ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. साइडलाइनवर बॉल गेला की पठ्ठ्या सावकाश चालत यायचा, टॉवेलने बॉल पुसायचा, एकदा, दोनदा, मग चार पावलं धावून असा सपाट फेकायचा की बॉल थेट गोलच्या तोंडाशी. शाळेत असताना भालाफेक करायचा. तोवर आतमध्ये सहा फुटी गडी एकमेकांना ढकलत उभे. देखणं अजिबात नव्हतं. पण बॉल पुसायला लागला की अख्खं स्टेडियम उठून उभं राहायचं.

आणि ‘टिकणं’ही स्टोकच. सलग दहा मोसम.

माहेर मालवण

स्टोकची गोष्ट अर्ध्यावर का सोडली? २०१३ मध्ये पुलिस गेला, कारण लोकांना कंटाळा आला होता. मार्क ह्यूज कोच म्हणून आला, त्याने बोयान आणला, शकीरी आणला, लोक गमतीने बार्सिलोनावरून ‘स्टोकालोना’ म्हणायला लागले आणि टीम ओळीने तीन मोसम नववी आली. म्हणजे बघायला छान आणि तगायलाही छान. हे दोन विरुद्धार्थी शब्द आहेत असं धरून तुम्ही सगळे का चाललाय?

आमच्याकडे ‘खेळ’ हा शब्दच मुळात बघणाऱ्यासाठी आहे. दशावताराचा खेळ, रत्नागिरीकडे नमनाचे खेळे. दुसऱ्या दिवशी गावात विचारतात, ‘खेळ रंगलो काय?’ संकासुर किती वेळ तगला असं कोण विचारत नाही. बघणाऱ्याने तिकीट काढलंय, रात्र जागवलीये. ‘मॅच बघूक बसलंय नि झोप इली’ असं तो म्हणाला तर ती त्याची चूक नव्हे.

उजवी बगल

गोष्ट अजून पुढे आहे. २०१८ मध्ये ह्यूजला मोसमाच्या मध्यात काढलं आणि स्टोक खाली गेली. पुलिसच्या हाताखाली वरच्या लीगमधून एकदाही गेली नव्हती. चार्ल्टनचं तसंच. कोच कर्बिशली टीमला वर्षानुवर्षं गुणतक्त्याच्या मधोमध ठेवायचा, लोकांना आणखी काही हवं होतं, तो २००६ मध्ये गेला, २००७ मध्ये टीम खाली.

माहेर मालवण

आणि कोच शॉन डाइकची बर्नली? २०१७-१८ मध्ये ३६ गोल करून सातवी आली, युरोपात खेळली. तोच डाइक, तोच खेळ, २०२२ मध्ये मोसम संपत आला असताना त्याला काढावं लागलं आणि टीम गेलीच. कंटाळा सोसला तर जागा पक्की, असं कुणी लिहून देत नाही.

गुहागरी

फार लांब नको जायला. मुंबई एफसी आठवते का कुणाला? आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या आपल्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, कोच खालिद जमीलने सात मोसम तगवली होती. कूपरेजला आमच्याकडचे चाकरमानी जायचे, परत येऊन सांगायचे, ‘एक गोल बघितला, तोही झाला की नाही कळलं नाही’. शिव्या भरपूर घातल्या. जमील गेल्यावर २०१६-१७ मध्ये मुंबई एफसी शेवटची आली आणि बंदच झाली. त्याच मोसमात जमीलने ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली. ऐजॉल आदल्या मोसमात घसरली होती, गोव्याच्या टीम बाहेर पडल्या म्हणून तिला परत घेतलं. म्हणजे शब्दकिड्याच्या हिशोबाने आधी ‘वाचली’ आणि मग चॅम्पियन.

तगण्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की खाली गेलेली प्रत्येक टीम परत येत नाही. आणि इंग्लंडमध्ये पैशाचा मामला आहे. शेवटच्या नंबराच्या टीमलासुद्धा प्रीमियर लीगकडून वर्षाला १० कोटी पौंडांच्या आसपास मिळतात. खाली गेल्यावर काही वर्षं सांत्वनाचे पैसे येतात, पण तेवढ्यात कामगारांचे पगार आणि खेळाडूंचे करार भागवायचे. तिकीटखिडकीवरच्या माणसाला देखण्या खेळाचं काय?

खाडीपलीकडचा

पैशाचं मान्य. पण पैसा हा मालकाचा मुद्दा झाला. बघणाऱ्याने तो आपला म्हणून का मिरवावा हे मला कधी समजलेलं नाही. आमच्या कंपूतले काही जण तर असे बोलतात की क्लबचा ताळेबंद यांच्याच सहीने जातो.

माहेर मालवण यांच्या ‘रंगला’वर मात्र मी थांबलोय. आपण ‘चांगला खेळ’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकात कोंबतो. एक देखणा, दुसरा रंगतदार. दोन्हींची सांगड असतेच असं नाही.

देखणा खेळायला निघालेली टीम बघायची तर २०२४-२५ ची साउदॅम्प्टन. गोलकीपरपासून छोटे छोटे पास, कितीही दाबलं तरी बॉल उडवायचा नाही. समोरचे वाट बघत उभे राहायचे, पास चुकला की गोल. कोच रसेल मार्टिनला डिसेंबरात काढलं. टीम सात मॅच शिल्लक असतानाच खाली गेली, इतक्या लवकर प्रीमियर लीगमधून कुणीच गेलं नव्हतं, आणि गुण झाले १२. त्यातल्या अनेक मॅचना रंगत कसली, अर्ध्या तासात निकाल लागलेला. कोच कोम्पनीच्या बर्नलीने खालच्या लीगमध्ये १०१ गुण मिळवले ते असंच सुंदर खेळून. वर आल्यावर त्याच खेळाने २४ मिळाले.

उलट २०१०-११ ची ब्लॅकपूल. इयन हॉलोवेची टीम. तिला देखणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बचाव म्हणजे उघडं दारच. ५५ गोल केले, ७८ खाल्ले. लिव्हरपूलला दोन्ही वेळा हरवलं. शेवटच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकणं भाग होतं. पार्क जी-सुंगने युनायटेडला पुढे नेलं, चार्ली ॲडमने फ्री किकवर बरोबरी केली, दुसऱ्या हाफमध्ये टेलर-फ्लेचरने गोल केला आणि ब्लॅकपूल २-१ पुढे. चॅम्पियन टीमच्या मैदानात. मग अँडरसनने बरोबरी साधली, इव्हॅटचा स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला, ओवेनने चौथा मारला. ४-२. ब्लॅकपूल खाली. त्या दीड तासाला रंगतदार नाही म्हणायचं तर तो शब्द कोशातून काढून टाकावा.

उजवी बगल

याच्याच जोडीला सांगतो. त्या मोसमात बर्मिंगहॅमचेही ३९ गुण, ब्लॅकपूलचेही ३९. बर्मिंगहॅमने अख्ख्या मोसमात ३७ गोल केले. दोघीही एकत्रच खाली गेल्या. वुल्व्स ४० गुणांवर राहिली.

माहेर मालवण

बघा! अठरा गोल जास्त बघायला मिळाले आणि शेवट तोच. मी ब्लॅकपूलवाली.

गुहागरी

बर्मिंगहॅमने त्याच मोसमात आर्सेनलला हरवून लीग कप जिंकला होता, ते सोयीस्कर विसरलात. ब्लॅकपूल त्यानंतर वरच्या लीगमध्ये दिसलेली नाही.

शब्दकिडा

देखणा आणि रंगतदार हा भेद मला पटला. ‘देखणा’ खेळणाऱ्याकडे बघून म्हणतो, ‘रंगतदार’ सामन्याकडे बघून. एकटी टीम देखणी असू शकते, रंगत यायला दोघं लागतात आणि निकाल अधांतरी लागतो. मग तगणारी टीमसुद्धा रंगतदार असू शकते. मे महिन्यात एक गोलने पुढे आणि दहा मिनिटं शिल्लक, बॉल दिसेल तिकडे उडवतायत, यात देखणेपण शून्य. पण रंगत?

वृत्तपत्रांना एक विनंती. ‘नेत्रदीपक’ बास करा. दर रविवारी कुणाचे डोळे दिपतायत?

उजवी बगल

रडीकडे परत येऊ. ती फुटबॉलमध्ये आहे, फक्त वेगळ्या जागी. गोलकीपर बॉल पोटाशी धरून लोळतो, धक्का न लागताच पाय धरून पडतो, बदली खेळाडू लांबच्या कोपऱ्यातून रमतगमत बाहेर जातो, ती खरी रडी. डेलापचा टॉवेल? तो मी सीमेवर ठेवतो. नियम बनवणाऱ्यांनीही आता हे मनावर घेतलंय. आधी गोलकीपरने बॉल हातात धरायला सहा सेकंदांची मर्यादा होती, रेफरी शिट्टी क्वचितच मारायचे. २०२५ च्या जुलैपासून आठ सेकंद, आणि त्यापुढे गेला की समोरच्यांना कॉर्नर. रेफरी शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. रडीचा डाव खडीच झाला की हा.

माहेर मालवण

पाय धरून पडणाऱ्याला आमच्याकडे ‘सोंगाडो’ म्हणतत. शब्द आहे, वापरा.

गुहागरी

आता ‘रेलिगेशन’चंही, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाण्याच्या शब्दाचंही मिटवा. पेपरात ‘पदावनती’ वाचलं की मला तलाठी ऑफिस आठवतं.

शब्दकिडा

पदावनती नोकराची होते, टीमची नव्हे. ‘गच्छंती’ छापतात ते तर साफ चूक, गच्छंती म्हणजे रवानगी, इथे टीम खेळतच राहते, एक पायरी खाली. आपल्याला शब्द सापडत नाही याचं कारण आपल्या गावच्या स्पर्धा. कबड्डी असो की टेनिस बॉल क्रिकेट, बाद पद्धत. हरला की मंडप गुंडाळला, पुढच्या वर्षी पुन्हा सगळे सारखे. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दहा मोसमांत तिच्यातून खेळावर हरून कुणी खाली गेलं नाही. जी गोष्ट आपल्या अंगणात क्वचितच घडते तिला शब्द कुठून येणार? बोलताना ‘खाली गेली’ पुरेसं आहे. लिहिताना ‘घसरण’. ‘रेलिगेट झाली’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही.

खाडीपलीकडचा

डेम्पो २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेली तेव्हा आमच्याकडे सगळे ‘डेम्पो गेली’ एवढंच म्हणत होते. बांद्याच्या पलीकडची टीम, तीन आय-लीग जिंकलेली, कुणाला पूर्ण वाक्य करावंसं वाटलं नाही.

एक राहिलं. ‘पार्क द बस’ला, म्हणजे अख्खी टीम गोलसमोर उभी करण्याला, कंपूत ‘बस लावली’ म्हणतात. चेल्सीचा तेव्हाचा कोच मोरिन्यो, त्याने २००४ मध्ये टॉटनहॅमबरोबर ०-० झाल्यावर ते पोर्तुगीजमधून आणलं. इटालियन तर बचावाला ‘कतेनाच्चो’ म्हणतात, म्हणजे दाराचा अडसर. ‘अडसर घातला’ हे मराठीत तयारच आहे की. चालेल का?

गुहागरी

अडसर कोशात छान दिसेल. आमच्याकडे ‘गोलसमोर एसटी आडवी लावली’ म्हणतात आणि टीम फारच लांब पसरून उभी असेल तर ‘दोन एसट्या’.