एलन बोल्टच्या आट्यांवर पांढरी रेघ: चूक धुलाईची की भट्टीची?

नटबोल्टवाला:
भोसरीत आमचं कोल्ड फोर्जिंगचं (गार तार दाबून बोल्ट घडवायचं) छोटं युनिट आहे. एम ८ चे (८ मिमी जाड) १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप मजबूत, एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले), मटेरियल एससीएम ४३५ हे मिश्र पोलाद. हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणं) बाहेर जॉबवर्कला देतो. या वेळी लॉट परत आला. कोअर हार्डनेस (गाभ्याचा कडकपणा) ४१ एचआरसी, म्हणजे बरोबर. पण मायक्रोस्कोपखाली आट्यांच्या कडेला बारीक पांढरी रेघ. भट्टीवाला म्हणतो माल मळका येतो, मी म्हणतो तुझ्या भट्टीतला गॅस बिघडलाय. पुढचा लॉट भट्टीआधी ॲसिडमधून काढावा असं माझ्या मनात आहे. कुणी केलंय का?

भट्टीकर:
वायर फॉस्फेट आणि साबण लावलेलीच घेता ना? मग माझा पहिला संशय तिथे. फोर्जिंगला वंगण म्हणून तो थर हवाच, पण तसाच भट्टीत गेला तर ८५०-८८० अंशांना त्यातला फॉस्फरस स्टीलमध्ये शिरतो आणि कडेला डेल्टा फेराइट नावाचा ठिसूळ थर बनतो. आयएसओ ८९८-१ या बोल्टच्या मानकात १२.९ ला हा थर चालतच नाही. नंतर कितीही धुवा, जात नाही.

ॲसिडने साबण निघत नाही, उलट त्याचं चिकट स्टिअरिक ॲसिड होऊन बोल्टवर बसतं. फॉस्फेट काढायला गरम कॉस्टिक सोड्याचं वॉश, ७०-८० अंश, आणि नंतर स्वच्छ पाण्याचे दोन रिन्स. टाकीवर तरंगणारा साबण रोज काढायचा. नाहीतर माल बाहेर काढताना तोच परत चिकटतो.

लॅबवाली:
दादा, आधी रेघ कसली ते ठरवा. डीकार्ब (कडेचा कार्बन निघून जाणं) पण पांढरंच दिसतं. मायक्रोहार्डनेस (बारीक ठसा उमटवून मोजलेला कडकपणा, एचव्ही आकड्यात) घ्या: कडेचा आकडा कोअरपेक्षा ३० एचव्हीहून जास्त खाली असेल तर भट्टीचा गॅस बघा. फॉस्फरसचा थर बहुतेक वेळा इतका बारीक असतो की ठसाच नीट बसत नाही.

माझा आवडता उपाय स्वस्त आहे. पाच बोल्ट स्वतः कॉस्टिकमध्ये नीट धुऊन, तार बांधून त्याच लॉटबरोबर भट्टीत पाठवा. त्यांच्यावर रेघ नसेल आणि बाकीच्यांवर असेल, तर चूक धुलाईची, वाद मिटला.

जुना_फिटर:
एलनच्या सॉकेटमध्ये पाणी आणि साबण साचून राहतो हे कुणी बोललंच नाही. टोपलीत स्थिर ठेवून धुतले तर डोकं वर असलेला प्रत्येक बोल्ट म्हणजे एक वाटी. ड्रम फिरता हवा, आणि भट्टीआधी हवेने सुकवा. ओला माल मेश बेल्टवर (भट्टीच्या जाळीदार पट्ट्यावर) गेला की भट्टीतला ड्यू पॉइंट, म्हणजे वाफेचं प्रमाण, चढतो, मग डीकार्ब पण पदरात.

भट्टीकर:
फिटरकाका, शंभर टक्के. अजून एक: क्वेंच ऑइल (तापलेला माल बुडवायचं तेल) टेंपरिंगच्या (पुन्हा कमी तापवण्याच्या) आधी धुतलंच पाहिजे, नाहीतर ते जळून काळा पापुद्रा बसतो. मग प्लेटिंगवाला तो काढायला ॲसिड वापरतो, आणि खरा धोका तेव्हा! ॲसिडमुळे स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. भट्टीआधी शिरलेला भट्टीत निघून जातो, कडक झालेल्या १२.९ मध्ये शिरलेला आतच बसतो. बोल्ट आवळल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं तुटून पडतं. तिथे ॲसिडऐवजी शॉट ब्लास्ट (छर्ऱ्यांचा मारा) करायला सांगा.

नटबोल्टवाला:
काल भट्टीवाल्याकडे स्वतः जाऊन बघितलं. वॉश टाकीचं थर्मामीटर बंद. माझं नेलेलं घातलं तर ४५ अंश. ड्रम नाही, टोपलीच. पाच बोल्ट तार बांधून दिलेत, मायक्रोहार्डनेसपण सांगितलंय. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.