स्पारिंग आणि लाँग रन पाठोपाठ नको
कराटे आणि लांब पल्ल्याचं पळणं दोन्ही करताना शनिवारी रात्री स्पारिंग (जोडीदाराशी लढतीचा सराव), रविवारी पहाटे लाँग रन (आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं) आणि बाकी आठवडा घरच्यांना, हे वेळापत्रक कागदावर ठीक वाटतं. पण मांडीवर दोन-चार लो किक बसल्या असतील तर दुसऱ्या दिवशी उतारावर त्याच स्नायूवर सगळा भार येतो. चाल बिघडते, मग गुडघा कुरकुरतो. शिवाय रात्री उशिरा स्पारिंग केलं की झोप लवकर लागत नाही. त्यापेक्षा स्पारिंग आणि टेम्पो (टिकवता येईल अशा जलद वेगाचं) किंवा चढाचं पळणं एकाच दिवशी ठेवा, सकाळी पळणं, संध्याकाळी क्लास. दिवस जड जातो खरा, पण दुसरा दिवस खरोखर मोकळा मिळतो. लाँग रनच्या आधीच्या दिवशी क्लासला जायचंच असेल तर फक्त काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) किंवा तंत्राचा सराव, पायांवर मार नको.

आणखी एक. घरचा वेळ पळण्यात जातो त्याहून जास्त नंतर सोफ्यावर आडवं पडण्यात जातो (घरच्यांची खरी तक्रार बहुधा हीच असते). चार तासांच्या पळण्यात तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली आणि परतल्यावर लगेच जेवण झालं, तर दुपारी माणूस घरात उपयोगाचा राहतो. जेलची (पळताना खायच्या कर्बोदकांच्या घट्टसर पाकाची) सवय मात्र सरावातच लावा, नाहीतर पोट बिघडतं.