मदत हवी आहे : गोळ्या चालू आहेत, पण सकाळी उठवत नाही

नमस्कार मंडळी, मी परभणीकडचा. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. गुण यायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बंद केल्या नाहीत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोनही केला, मराठीतच बोलले. अडचण रोजच्या कामाची आहे. सोयाबीन काढणीला आलंय अन् मला आंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते. समुपदेशक म्हणतात, मन लागायची वाट पाहू नका, आधी छोटं काम करा, मन मागून येतं. पटतं. पण ते पहिलं काम सुरू कसं करायचं? यातून गेलेल्यांनी सांगा, अंथरुणातून उठायला काय कामी आलं? अन् घरच्यांना कसं समजावलं? आई म्हणते बाहेरचं लागलंय, मामा म्हणतात लग्न लावून टाका. (हे दोन उपाय सोडून काहीही सुचवा.)