हंबनटोटा: चीनने लावलेला सापळा, की श्रीलंकेने स्वतः खणलेला खड्डा?

दीपस्तंभ
चीनच्या कर्जांचा विषय निघाला की कोणीतरी श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनटोटा बंदराचं नाव घेतंच. 'कर्ज दिलं, फिटलं नाही, बंदर घशात घातलं.' मीही काही वर्षं हेच सांगत होतो. मग आकडे घेऊन बसलो आणि गोष्ट जुळेना.

मुळात बंदराची कल्पना चीनची नाही. २००३ मध्ये कॅनडाच्या आणि २००६ मध्ये डेन्मार्कच्या कंपनीने या जागेचा अभ्यास केला होता. हंबनटोटा हा महिंदा राजपक्षे यांचा जिल्हा. ते राष्ट्राध्यक्ष असताना, २००७ मध्ये, चीनच्या एक्झिम बँकेकडून (आयात-निर्यातीसाठी कर्ज देणारी सरकारी बँक) ३०.७ कोटी डॉलर उचलले, ६.३ टक्के व्याजाने. नोव्हेंबर २०१० मध्ये बंदर सुरू झालं. धंदा आलाच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते ११२ कोटी डॉलरला, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीकडे गेलं.

गैरसमज होतो तो इथे. त्या ११२ कोटींच्या बदल्यात बंदराचं कर्ज माफ झालं नाही. पैसा परकीय गंगाजळीत गेला, कारण परतफेडीचा ताण दुसरीकडून येत होता: २००७ पासून आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेले रोखे. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परतफेड थांबवली, तेव्हा परदेशी कर्जात सर्वांत मोठा वाटा या रोख्यांचा होता. चीनचा साधारण पाचवा हिस्सा. त्यात २०१९ ची करकपात आणि २०२१ ची रासायनिक खतांवरची बंदी. सगळं चीनवर ढकललं की कोलंबोत हे निर्णय घेणारे सुटतात, आणि ते सुटू नयेत असं मला मनापासून वाटतं.

भीमथडी
आकडे मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जाची खतं, म्हणजे करारांचे कागद, जाळली. त्यातली बरीचशी खतं कायद्याने पक्की होती, अंगठा शेतकऱ्याचाच होता. म्हणून सावकार निर्दोष ठरतो का?

पहिल्या टप्प्यातून कमाई दिसत नसताना दुसऱ्या टप्प्याला पैसे कोणी दिले? त्याच एक्झिम बँकेने. शेजारी मत्तळा विमानतळ २०१३ मध्ये चिनी कर्जावरच उभा राहिला. पुढे त्याच्या मालाच्या गोदामात भात साठवायची पाळी आली. कुळ बुडणार हे दिसत असताना हात सैल सोडतो त्याला आमच्याकडे दाता म्हणत नाहीत. आणि कर्ज माफ झालं नाही हे तुम्ही चीनच्या बाजूने सांगताय? मग तर आणखी वाईट. बंदरही गेलं आणि कर्जही राहिलं!

सेकंड मेट
मी २०१३ मध्ये गाड्या वाहणाऱ्या जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून हंबनटोटाला गेलो होतो. एवढ्या लांब धक्क्यावर आमचं एकच जहाज. गाड्या उतरवून झाल्या, तर आजूबाजूला मोरांचा आवाज तेवढा. एजंटाने बजावलं, अंधार पडला की पायी बाहेर जाऊ नका, रस्त्यावर हत्ती येतात. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, दक्षिणेला पाहिलं की सुएझ-मलाक्का मार्गावरची जहाजं एकामागून एक जाताना दिसायची. इकडे वळत कोणीच नव्हतं.

कारण साधं आहे. कंटेनरची अदलाबदल कोलंबोत होते, छोट्या बंदरांतून माल आणणारी फीडर जहाजं तिथे लागतात, मोठ्या जहाज कंपन्यांची वेळापत्रकं त्याभोवती बसलेली असतात. वाटेवर आहे एवढ्यावर बंदर चालत नाही. कंपनी बदलल्यावर तिथे गाड्यांच्या चढ-उताराचं काम पुष्कळ वाढलं, हेही सांगायला हवं. त्यामुळे दीपस्तंभ यांच्याशी मी निम्मा सहमत.

रानजाई
तुम्ही सगळे पैशाचंच बोलताय. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे चिनी जहाज हंबनटोटाला लागलं, ते काय गाड्या उतरवायला? उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज ते. भारताने चिंता कळवली, श्रीलंकेने आधी 'जरा पुढे ढकला' म्हटलं आणि काही दिवसांत परवानगी दिली. त्याच वर्षी भारताने त्यांना जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत केली होती. इंधन, औषधं, धान्य. तरीही नाही म्हणता आलं नाही. मला ताबा म्हणजे हाच वाटतो, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते नंतर बघू.

दीपस्तंभ
भीमथडी, 'बंदरही गेलं, कर्जही राहिलं' हे मी नीट तोललं नव्हतं. ते मान्य करतो. पण सुप्याची तुलना एका जागी तुटते. सुप्याच्या कुळाला दुसरा दरवाजा नव्हता. कोलंबोला होता, आणि तिथूनही त्यांनी रोखे काढून भरपूर उचललं.

रानजाई, जहाजाला परवानगी द्यायचा अधिकार श्रीलंका सरकारचाच होता आणि आहे. त्यांनी तो वापरला, चुकीचा वापरला असं आपण म्हणू शकतो.

भीमथडी
दरवाजा होता, पण बाहेर पडताना काय झालं बघा. भारत, जपान, फ्रान्स आणि इतर देशांनी एकत्र समिती करून कर्जाची फेरमांडणी केली. जून २०२४ मध्ये ५८० कोटी डॉलरचा करार झाला. चीनची एक्झिम बँक त्या समितीत बसलीच नाही. तिने ऑक्टोबर २०२३ मध्येच ४२० कोटी डॉलरचं वेगळं जमवलं. दहा सावकार एका ओट्यावर बसलेले असताना एकजण कुळाला आतल्या खोलीत नेतो, तेव्हा बाकीच्यांना शंका येणारच. माझा राग व्याजदरापेक्षा या झाकपाकीवर जास्त आहे.

रानजाई
आणि ९९ वर्षं म्हणजे काय हे चीनइतकं कोणालाच माहीत नाही. ब्रिटिशांनी हाँगकाँगचा न्यू टेरिटरीज भाग त्यांच्याकडून १८९८ मध्ये ९९ वर्षांसाठीच घेतला होता.

सेकंड मेट
अजून एक गोष्ट कोणी काढली नाही. जानेवारी २०१७ मध्ये हंबनटोटात लोक रस्त्यावर आले होते. बंदराजवळ औद्योगिक क्षेत्रासाठी १५,००० एकर जमीन देण्याची बोलणी चालली होती, तिच्या विरोधात. भिक्खू पुढे होते, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्यांचं भांडण बीजिंगशी कमी, आपल्याच सरकारशी जास्त होतं. ज्याच्या घरामागची जमीन मोजली जात होती, त्याला विचारून कोणत्याच टप्प्यावर काही झालं नाही. २००७ मध्ये नाही, २०१७ मध्येही नाही.