ऑक्टोबरचे सीताफळ मे महिन्यात खावे काय?

सावद्याची सून :

आमच्या घरी गेली तीन वर्षे दर उन्हाळ्यात एकच वाद होतो, म्हणून तो एकदा चार माणसांपुढे मांडावा असे ठरवले. मी ताजी फळे सोलून, चिरून फ्रीजरमध्ये गोठवते आणि चैत्र-वैशाखात त्यांची कुल्फी, थंड रबडी किंवा घट्ट मिल्कशेक करते. सासूबाईंचे म्हणणे असे की, फळ झाडावरून उतरले की चार दिवसांत खावे, वाटून टाकावे, उरले तर गुरांना घालावे. बर्फात ठेवलेले फळ म्हणजे फळाचे प्रेत. (‘प्रेत’ हा शब्द त्यांचाच आहे.)

माझी बाजू दोन फळांवर उभी आहे. पहिले केळे. रावेर-यावल पट्ट्यात केळ्याची टंचाई कोणालाच नसते. उलट वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या दुय्यम मालाच्या, भावातही व्यापारी ज्यांना हात लावत नाही अशा फण्या घरी येतात आणि एप्रिलच्या उन्हात त्या सगळ्या एकाच दिवशी पिकतात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या तर साल काळी पडते, कारण साधारण १३ अंशांखालची थंडी केळ्याला सोसत नाही. म्हणून सालीवर तपकिरी ठिपके आलेली केळी मी सोलते, बोटभर जाडीच्या चकत्या करते, त्यांना लिंबाचा रस लावते आणि स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरून गोठवते. तीन-चार तासांनी त्या दगडासारख्या झाल्या की हवा काढून पिशवीत भरते. ताटाची पायरी गाळून थेट पिशवीत भरले तर सगळ्यांची मिळून एक ढेप होते आणि ती फोडायला वरवंटा आणावा लागतो. पुढे या चकत्या मिक्सरमध्ये फिरवल्या की आधी भुगा होतो, मग गोळा होतो, आणि धीर धरून कडा खरवडत राहिले तर सायीसारखे मऊ आइस्क्रीम तयार होते. त्यात ना साखर लागते, ना दूध.

दुसरे फळ सीताफळ, आणि इथे तर मला पर्यायच दिसत नाही. पावसाळा सरता सरता सातपुड्यातून, तोरणमाळ-धडगावच्या बाजूने टोपल्या येतात आणि दोन दिवसांत सगळी फळे उकलतात. सीताफळाचा गर शिजवला की कडवटपणा येतो, त्यामुळे त्याचा ना मुरांबा होतो, ना जाम. मी बिया काढून गरात चौथ्या हिश्शाइतकी साखर आणि थोडा लिंबाचा रस मिसळते, म्हणजे तो तपकिरी पडत नाही, आणि लहान डब्यांत गोठवते. मे महिन्यात दूध आटवून ते पूर्ण गार झाल्यावर गर त्यात घालायचा. यात गैर काय, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावे.

जुना भुसावळकर :

ताई, तुमच्या सासूबाईंची भाषा कडक आहे, परंतु त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि माझी कारणे भावनेची नसून विजेची आहेत.

आमच्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात ठेवलेला फ्रीज त्या दिवसांत दुपारभर धापा टाकत असतो. गोठवलेले फळ महिनोन्‌महिने चांगले राहायचे तर उणे १८ अंश तापमान लागते, आणि एका दाराच्या साध्या फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ते मिळेलच असे नाही. अनेकांचा गोंधळ ताऱ्यांमुळे होतो. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले तारे वीजबचतीचे असतात. बर्फाच्या कप्प्याचे तारे वेगळे, त्यात एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन असतील तेव्हाच उणे १८. पाच तारे पाहून घेतलेल्या फ्रीजमध्ये आठ महिने सीताफळ ठेवणे हा भाबडेपणा होय.

त्यात वीज जाते. वादळी वळीव आला की वीज कधी येईल ते सांगता येत नाही. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या भागाला निसर्गाने फुकटचे वाळवणयंत्र दिले आहे, ते म्हणजे सूर्य. त्याच उन्हात आपण बिबडे, कुरडया आणि सांडगे वाळवतो. सातपुड्यातले आदिवासी बांधव कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात आणि नंदुरबारच्या त्या आमचुराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमरसाचे साठ ताटात वाळवता येते, कैरीचा गुळांबा बरणीत वर्षभर राहतो. यातल्या एकालाही युनिट जळत नाही. जे फळ उन्हात वाळत नाही आणि पाकात टिकत नाही, ते निसर्गाने टिकवण्यासाठी दिलेलेच नाही, असे मी मानतो.

पाटावरची पाटी :

मी अन्नतंत्राचे शिक्षण घेतले आहे, त्यामुळे दोघांशीही थोडे भांडण आहे.

फळात बहुतांश पाणी असते आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते. कारखान्यात प्रचंड थंड वाऱ्याच्या झोतात फळ काही मिनिटांत गोठवतात, तेव्हा बर्फाचे कण अतिशय बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये हेच काम तासन्‌तास चालते, कण मोठे आणि टोकदार होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. म्हणून घरी गोठवलेली फोड पूर्ण वितळू दिली की ती पाणी सोडते आणि लिबलिबीत होते. सासूबाईंना ‘प्रेत’ दिसते ते इथे, आणि वितळलेली फोड ताटात वाढली असेल तर त्या चुकल्या असे मी म्हणणार नाही. मात्र सावद्याच्या ताई फळ अर्धवट गोठलेले असतानाच वाटतात. जी पेशी मिक्सरमध्ये फुटणारच आहे ती बर्फाने आधी फोडली तर बिघडले काय? गोठवलेले फळ कापून खाण्यासाठी नसते, वाटण्यासाठी असते. एवढे पाळले तर निम्मा वाद उरत नाही. अपवाद द्राक्षांचा. ती धुऊन, पुसून, अख्खी गोठवावीत आणि थेट तोंडात टाकावीत. सालीमुळे ती आकार धरून राहतात. टरबुजाच्या फोडी मात्र पुन्हा वितळवून खायच्या विचाराने गोठवू नयेत. ते ९० टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. त्याचे तुकडे लिंबू सरबतात बर्फाऐवजी घालावेत.

भुसावळकर काकांना सांगायचे ते असे की, थंडीने जीवाणू मरत नाहीत, ते फक्त थांबतात, हे खरे. परंतु वाळवणातही धूळ, माशा आणि अचानक आलेला वळीव हे धोके आहेतच. शिवाय उन्हात वाळवताना ‘क’ जीवनसत्त्वाचा जेवढा ऱ्हास होतो, त्या मानाने गोठवताना तो बराच कमी होतो. फळांचे विकरही (एन्झाइम) थंडीत मरत नाहीत, केवळ मंदावतात. लिंबाचा रस आणि साखर यांचे महत्त्व त्यासाठीच आहे. आणि डबा काठोकाठ भरू नये. मी पहिल्या वर्षी आमरसाने भरलेली काचेची बरणी गोठवली होती. सकाळी फ्रीजरमध्ये काचा आणि रस दोन्ही वेगवेगळे मिळाले.

शहाद्याकडची :

आमच्याकडे पपई इतकी होते की रस्त्याने चालताना दिसते तीच. गेल्या वर्षी हौसेने चार किलो गोठवली आणि पाहुण्यांसाठी दुधात वाटून शेक केला. अर्ध्या तासात तो इतका कडू झाला की पाहुण्यांनी पेले हळूच मोरीत ओतले. तेव्हापासून मी या विषयाच्या विरोधात आहे. फळ वाया गेले असते तर एक दुःख. त्यावर वीज, दूध आणि साखर घालून ते वाया घालवले हे चौपट दुःख.

पाटावरची पाटी :

ताई, दोष गोठवण्याचा नाही. पपईत पपेन नावाचा विकर असतो, तो दुधातली प्रथिने तोडतो आणि त्यातून कडवट चव येते. गोठवल्याने तो नष्ट होत नाही. ताज्या पपईचा शेक करून ठेवला असता तरी हेच झाले असते. गोठवलेली पपई लिंबू, मीठ आणि पुदिन्याबरोबर दुधाशिवाय वाटून पाहावी.

तापीकाठचा, सध्या पुण्यात :

तुम्ही सगळे सीताफळावर बोलत आहात, पण खरी परीक्षा आंब्याची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरली, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवल्या, पितरांना नैवेद्य दाखवला की त्या दिवसापासून आंबा खायचा. तोवर आमच्या घरात कोणी फोड तोंडाला लावत नसे. माझी आजी म्हणायची, “आखाजीना आंबा आखाजीलेच खावा.” आता कोणी मार्गशीर्षात आमरसाची वाटी पुढे ठेवतो तेव्हा चव तीच लागते, पण खापरावरच्या मांड्यांबरोबर, अंगणात झोके बांधलेले असताना खाल्लेला रस तो हा नव्हे. वर्षभर वाट पाहणे हाही त्या रसातलाच एक जिन्नस होता, आणि तो कोणत्याही फ्रीजरात टिकत नाही.

चोपड्याचे मास्तर :

तुमच्या आजींना नमस्कार. परंतु त्यांच्या काळी बांधावर गावरान आंब्याची झाडे होती. आमच्या मळ्यात आता एकच उरले आहे. त्याचा आंबा चोखायचा, तंतुमय, पातळ रसाचा. बाजारात त्याला कोणी विचारत नाही, आणि तो पंधरा-वीस दिवसांत संपतो. माझा मुलगा नोकरीमुळे वैशाखात कधीच येऊ शकत नाही, दिवाळीला येतो. त्याच्यासाठी मी तो रस गाळून, साखर न घालता गोठवतो. दिवाळीत तो वाटीभर रस पिताना मुलाने झाडाची चौकशी केली नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. वाट पाहणे टिकत नाही म्हणता, मग आम्ही सहा महिने करतो ते काय?

जुना भुसावळकर :

मास्तर, मुलाच्या बाबतीत मी निरुत्तर आहे, विजेच्या बाबतीत नाही.

सावद्याच्या ताईंना मी एक साधी परीक्षा सुचवतो. एका वाटीत पाणी गोठवा, बर्फ पक्का झाला की त्यावर रुपयाचे नाणे ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. गावाला जाऊन आल्यावर नाणे वरच असेल तर फळे खुशाल खा. नाणे तळाशी गेलेले दिसले, तर तुमच्या पाठीमागे बर्फाचे पाणी होऊन पुन्हा बर्फ झाला असे समजा. भरलेला, दार बंद ठेवलेला स्वतंत्र फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो आणि अर्धा भरलेला एक दिवस, असे सांगतात; पण ते हिशेब आपल्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरासाठी आणि फ्रीजच्या त्या वीतभर कप्प्यासाठी केलेले नाहीत.

सावद्याची सून :

उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण मी नाणे ठेवून माहेरी गेले होते.

आधी आंब्याविषयी. मास्तरांचा गावरान रस सोडला तर आंब्याच्या बाबतीत मी माझा हट्ट सोडते. जे फळ उन्हाळ्यातच येते ते उन्हाळ्यासाठी साठवण्यात हशील नाही. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले आणि त्या प्रसन्न झाल्या. त्यांचा दुसरा आक्षेप, दूध आणि फळ एकत्र करणे हा विरुद्धाहार आहे, हा मात्र मला मान्य नाही, कारण दर एकादशीला शिकरण त्याच करतात.

आता नाण्याविषयी. मी नसताना गल्लीतली डीपी जळाली आणि दीड दिवस वीज नव्हती, हे मला घरी कोणी सांगितलेही नाही. मी वाटी काढली तर नाणे तळाशी होते. केळ्याच्या सुट्या चकत्यांची पुन्हा ढेप झाली होती आणि सीताफळाच्या डब्यांत वर पाण्याचा बर्फ, खाली गर असे दोन थर दिसत होते. मधल्या काळात डबे किती तापले होते ते कळायला मार्ग नव्हता, तेव्हा मन घट्ट करून सगळे उकिरड्यात टाकले. सहा डबे होते. बिया काढताना माझी तीन दुपारची झोप गेली होती.

तरीही भुसावळकर काकांनी एवढ्यात आनंद मानू नये. माझ्या नणंदेकडे फैजपूरला दुकानासाठी घेतलेला, वरून झाकण उघडणारा मोठा फ्रीजर आणि इन्व्हर्टर आहे. येत्या ऑक्टोबरात सीताफळाचे डबे तिच्याकडे ठेवायचे असे ठरले आहे, निम्मे तिचे आणि निम्मे माझे. केळी मात्र घरच्याच कप्प्यात ठेवीन, पण पंधरा दिवसांत संपतील एवढीच. वाटी आणि नाणे दोन्ही ठिकाणी राहील. पाटावरच्या पाटी, एक विचारायचे राहिले : झाकण वरून उघडणाऱ्या फ्रीजरमध्ये डबे तळाशी ठेवावेत की भिंतीला लागून?