मदत हवी आहे: परदेशातलं तात्पुरतं सिम बंद होणार, खात्यांचे ओटीपी कुठे वळवू?

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

कामासाठी पाच महिने परदेशात आहे. फोन जुना, एकाच सिमचा. त्यामुळे उतरल्या उतरल्या घरचं सिम काढून पाकिटात ठेवलं आणि इथलं प्रीपेड घातलं. मग पहिल्या आठवड्यात जिथे जिथे 'नंबर पडताळा' असं आलं, तिथे तिथे इथलाच नंबर देत सुटले. मुख्य मेल, चॅटचं अ‍ॅप, ऑफिसच्या दोन-तीन साइट्स, सगळीकडे. आता या सिमची मुदत अकरा दिवसांत संपतेय आणि पुढचा मुक्काम तिसऱ्याच देशात, म्हणजे पुन्हा नवा नंबर.

परवा डोळे उघडले. फोटो साठवायचं एक जुनं खातं लॅपटॉपवर उघडायला गेले. पासवर्ड बरोबर होता. मग पडद्यावर आलं, '४७ ने संपणाऱ्या क्रमांकावर कोड पाठवला आहे.' मी आपली फोन हातात धरून बसले. कोड येईना. 'पुन्हा पाठवा' दोनदा दाबलं. मग लक्षात आलं की घरचा नंबर ४७ ने संपत नाही. इथलाही नाही. ४७ म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या दौऱ्यातलं सिम, जे परत निघताना मी विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं! म्हणजे ते तीन कोड आता कुणा भलत्याच माणसाच्या फोनवर पडलेत की काय? तिसऱ्यांदा दाबलं तर 'फार वेळा प्रयत्न झाले, नंतर या'.

तर मेलला आता नंबर तरी कोणता द्यायचा? दर वेळी पाकिटातलं सिम काढून घालत बसायचं का? आणि त्या ४७ चं काय करू?

---

पायपीट:

आधी एक करा, म्हणजे खरं तर करू नका. आत्ता जिथे लॉगिन आहात तिथून लॉगआउट होऊ नका, ब्राउझर साफ करू नका, फोन रीसेट करू नका. ही चालू असलेली लॉगिनंच सध्या तुमचा आधार आहेत.

सुरुवात मेलपासून. बाकी सगळ्यांची 'पासवर्ड विसरलात?' ची वाट मेलमधूनच जाते. मेलला नवा नंबर देण्याआधी ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडा. क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते आणि ती किल्ली व घड्याळ यांच्यावरून सहसा दर ३० सेकंदांनी नवा ६ आकडी कोड तयार होतो. सिम नको, रेंज नको, इंटरनेटही नको. ही पद्धत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या नावाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे दस्तऐवज) खुली प्रसिद्ध झाली आहे, त्यामुळे अमुकच अ‍ॅप हवं असं सहसा नसतं.

प्रवासात इथे एक घोळ हमखास होतो. काही जण देश बदलल्यावर फोनचं घड्याळ हाताने पुढेमागे करतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण टाइमझोन जुनाच राहतो, म्हणजे फोनच्या लेखी जगाची वेळच काही तास सरकते, आणि कोड चुकीचे येतात. घड्याळ 'आपोआप' वर ठेवा. नुसता टाइमझोन बदलला तर कोडला काही होत नाही.

मग बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिनसाठी आधीच काढून ठेवायचे कोड. गूगल एका वेळी १० देतं, प्रत्येक ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना बाद. कागदावर उतरवा आणि कागद फोनच्या कव्हरमागे ठेवू नका. (मी ठेवला होता. फोन रिक्षात राहिला, कागदही त्याच्याबरोबर गेला.)

हे झाल्यावर इनकॉग्निटो विंडोत (ब्राउझरची खाजगी खिडकी, जिथे चालू लॉगिन लागू नसतात) नव्याने लॉगिन करून बघा. जमलं, तरच तात्पुरता नंबर काढा. क्रम उलटा करू नका.

---

उनाडपाऊस:

एवढं कशाला करायचं? नेटवर फुकट नंबर देणाऱ्या साइट्स आहेत. तिथला एक घ्या, मेसेज वेबपानावरच दिसतो. सिमची कटकटच नाही.

---

कुलूपकिल्ली:

@उनाडपाऊस, अहो, मेसेज 'वेबपानावर दिसतो' हीच तर अडचण आहे. तो सगळ्या जगाला दिसतो. आज तुम्ही त्या नंबरवर खातं काढलंत तर उद्या दुसरा कुणीही तोच नंबर टाकून 'पासवर्ड विसरलो' दाबेल आणि कोड आरामात वाचेल. शिवाय असे इंटरनेटवरचे नंबर बऱ्याच सेवा घेतच नाहीत.

ताई, तुमच्या ४७ बद्दल. टाकून दिलेलं सिम कचऱ्यात गेलं तरी नंबर जिवंत राहतो, कंपनी काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला देते. त्या माणसाला तीन निरर्थक मेसेज आले असतील, बहुतेक त्याने पुसलेही असतील. तुमचा पासवर्ड माहीत नसेल तर नुसत्या कोडचा त्याला उपयोग नाही. पण ज्या सेवा फक्त नंबरवरून पासवर्ड बदलू देतात तिथे खरा धोका आहे. म्हणून ४७ आणखी कुठे चिकटलाय ते शोधून काढा.

त्या खात्यावर आता दाबादाबी करू नका. दर चुकलेल्या प्रयत्नाने कुलूप आणखी लांबतं. एक दिवस थांबा, त्याच लॅपटॉपवरून, शक्यतो नेहमीच्याच ब्राउझरमधून जा आणि 'दुसरा मार्ग वापरा' बघा. ओळखीचं यंत्र दिसलं की अशा यंत्रणा जरा मऊ होतात.

मुदतीचं गणितही बघा. गूगलवर रिकव्हरी नंबर (खातं परत मिळवायला दिलेला) बदलला तरी पुढचे ७ दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय ते दाखवू शकतात, म्हणजे कुणी खातं चोरून नंबर बदलला तर मूळ मालकाला संधी राहते. मायक्रोसॉफ्ट खात्यात हाताशी जुनं काहीच नसताना सगळी सुरक्षा माहिती बदलायला घेतलीत तर ३० दिवस थांबावं लागतं. तुमच्याकडे अकरा आहेत. तेव्हा हे शनिवार-रविवारवर ढकलू नका, आजच करा.

---

धागाकर्ती:

@पायपीट, @कुलूपकिल्ली, खूप आभार. मेलचं ऑथेंटिकेटर आत्ता जोडलं. पण बँक ऑथेंटिकेटर मानत नाही, तिला एसएमएसच हवा. आणि चॅटचं अ‍ॅप?

---

पायपीट:

बँकेचा नंबर घरचाच ठेवा, तात्पुरता तिथे कधीच देऊ नका. घरच्या सिमला रोमिंग चालू, पण मोबाइल डेटा बंद. एसएमएस घेण्याचे पैसे बहुतेक कंपन्या लावत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून घ्या. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर पुढचा ४७ तुमच्याच घरचा नंबर असेल. पुढचा फोन घ्याल तेव्हा ई-सिमवाला घ्या. घरचं सिम खाचेत राहतं आणि प्रवासातलं ई-सिम सॉफ्टवेअरने येतं-जातं.

तोवर एखाद्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये सिम घालून ठेवायची युक्ती कुणी सांगेल. पण जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी टू-जी बंद आहे. तिथे नुसता टू-जीचा फोन म्हणजे डबीच.

चॅटचं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅप असेल तर नव्या देशात नंबर बदलायची गरजच नसते. खातं घरच्या नंबरवर राहतं आणि नव्या सिमच्या डेटावर चालतं. तुम्ही बदललाय, तर पाच मिनिटं घरचं सिम घाला आणि सेटिंगमधल्या 'नंबर बदला' ने परत या. ग्रुप वगैरे बरोबर येतात. नुसतं सोडून देऊ नका. तो नंबर ज्याला मिळेल तो त्यावर नोंदणी करेल. जुनं खातं ४५ दिवस वापराविना असेल आणि नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर व्हॉट्सअ‍ॅप जुन्या खात्याची माहिती काढून टाकतं, पण त्या भरवशावर राहू नका. आणि ६ आकडी पिन लावा, सोबत मेल पत्ता द्या.

---

कुलूपकिल्ली:

एक राहिलं. हा तात्पुरता नंबर कुठे कुठे दिलाय ते आठवत बसू नका. त्या फोनचे एसएमएस उघडा आणि पहिल्या दिवसापासून खाली या. ज्याने ज्याने कोड पाठवलाय ती तुमची यादी.

---

धागाकर्ती:

अपडेट. एसएमएस चाळले. मला सहा खाती आठवत होती, निघाली अकरा. त्यात सायकल भाड्याने देणारं एक अ‍ॅप, जे मी एकदाच, पावसात, वापरलं होतं. चार ठिकाणी ऑथेंटिकेटर लागलं, पाच ठिकाणी घरचा नंबर टाकला (सिम घातलं, पाचही कोड घेतले, सिम परत पाकिटात), दोन खाती बंदच केली.

४७ वालं खातं आज सकाळी उघडलं. 'दुसरा मार्ग' मध्ये मेल होता. आत जाऊन लॉगिनचा इतिहास पाहिला, सगळी नोंद माझीच. नंबर काढला. त्याच पानावर खाली '१२ ने संपणारा' असा आणखी एक नंबर होता. तो कुठल्या दौऱ्यातला, हे मात्र मला अजूनही आठवत नाहीये.